इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं जुनं मच्छीमारी जीवन आणि त्याची छायाचित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाढीवाले म्हातारे खलाशी, पांढऱ्या टोप्यांतल्या बायका, धक्क्यावर लोळणारी पोरं. असे काळे-पांढरे फोटो हल्ली फोनवर सारखे फिरत असतात. बहुतेकांना नावगाव नसतं, आणि काहींना तर कुणीतरी रंगही फासलेला असतो. त्यांच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. भर यॉर्कशायरमधल्या व्हिटबी या गावावर आहे. बाकीच्या किनाऱ्यावर फोटो कमी आहेत असं नाही, पण व्हिटबीचे सगळ्यांत चांगले आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे फोटो काढले कुणी?

व्हिटबीचे गाजलेले फोटो जवळजवळ सगळे फ्रँक मेडो सटक्लिफ या एका माणसाचे. जन्म १८५३, लीड्सजवळच्या हेडिंग्लीत. (हो, क्रिकेटवाल्या हेडिंग्लीतच.) वडील चित्रकार होते. कुटुंब व्हिटबीला आलं आणि थोड्याच दिवसांत, १८७१ साली, वडील गेले. पोरगा अठरा वर्षांचा. सुरुवातीला त्यानं फ्रान्सिस फ्रिथ यांच्या कंपनीसाठी फोटो काढले. गावोगावची दृश्यं छापून विकण्याचा फ्रिथ यांचा मोठा धंदा होता. मग लग्न केलं, दक्षिणेत टनब्रिज वेल्सला स्टुडिओ टाकला, तो चालला नाही, आणि १८७६ मध्ये स्वारी परत व्हिटबीत आली.

पोट भरत होतं ते उन्हाळ्यात हवापालटाला येणाऱ्या पाहुण्यांचे पोर्ट्रेट काढून. या धंद्याचा त्याला कंटाळा होता. पण स्टुडिओ सोडून लांब जाता येत नसे, म्हणून हाताशी वेळ असला की मैल-दोन मैलांच्या आत जे दिसेल ते टिपायचं. त्यामुळे एकच बंदर, तीच माणसं, तेच धक्के त्यानं कित्येक वर्षं वेगवेगळ्या उजेडात पाहिले. जगभर हिंडला असता तर हे फोटो निघाले नसते.

१८९२ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या ‘लिंक्ड रिंग’ या कलावंत छायाचित्रकारांच्या मंडळाचा तो संस्थापक सभासद होता. १९२२ मध्ये स्टुडिओ विकल्यावर गावच्या संग्रहालयाचं काम त्यानं हाती घेतलं. १९४१ मध्ये गेला.

मासेमारीचे फोटो म्हणता, पण मासे पकडताना कुणीच कसं दिसत नाही?

हा या पानावरचा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे. उत्तर कॅमेऱ्यात आहे.

सटक्लिफनं सुरुवात केली तेव्हा ‘ओली काच’ पद्धत चालत होती. काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. म्हणजे अंधारी खोली, बाटल्या, तबकं, सगळा संसार फोटोच्या जागेपर्यंत वाहून न्यायचा. काच साडेसहा बाय साडेआठ इंचाची, कॅमेरा महोगनी लाकडाचा, खाली तिपाई. पुढे, १८७० च्या दशकाच्या अखेरीस, तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि काम सोपं झालं. तरी तिपाई सुटली नाही. असा पसारा हेलकावणाऱ्या होडीत घेऊन कोण जाणार? होडी डोलली की फोटो हलला.

म्हणून कॅमेरा किनाऱ्यावर राहिला आणि किनाऱ्यावर जे होतं तेच त्यानं पाहिलं. होड्या निघायच्या आधीची तयारी, परत आल्यावरचा बाजार, आणि मधल्या वेळात गावात उरलेली माणसं: बायका, पोरं, म्हातारे. या अडचणीचा फायदाच झाला, असं मी म्हणेन. मासेमारीच्या धंद्यातलं निम्मं काम जमिनीवर होतं आणि ते बायका करत होत्या. कॅमेरा समुद्रावर गेला असता, तर बायकांच्या या कामाचे एवढे फोटो मागे राहिले नसते.

त्या बायका टोपलीत काय करत असतात?

गळांना आमिष लावत असतात. हे काम नीट समजून घेतलं की निम्मे फोटो आपोआप वाचता येतात.

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर ‘कोबल’ नावाची होडी. नाळ, म्हणजे पुढचं टोक, उंच, मागची बाजू सपाट, फळ्या एकमेकींवर चढवून ठोकलेल्या. धक्का नसला तरी वाळूवर ओढून घेता यावी म्हणून ही घडण. हिवाळ्यात तिच्यातून कॉड, हॅडॉक असे मासे लांब दोरांनी धरत. मुख्य दोराला ठरावीक अंतरावर आखूड दोऱ्या, प्रत्येक दोरीच्या टोकाला गळ. एका माणसाच्या वाट्याला असे शेकडो गळ. प्रत्येक गळाला रोज नवीन आमिष लागायचं.

ते लावायचं घरच्या बायकांनी. आमिष म्हणजे मसल नावाच्या काळ्या शिंपल्या, नाहीतर खडकाला घट्ट चिकटून बसणारे टोपीच्या आकाराचे लिंपेट. यॉर्कशायरच्या बोलीत त्यांना ‘फ्लिदर’ म्हणत. ओहोटीला बायका-पोरी टोपल्या घेऊन खडकांवर उतरत आणि सुरीच्या टोकानं एकेक फ्लिदर उपटून काढत. जवळचे खडक रिकामे झाले की मैलोन्‌मैल चालत पुढे जायचं. घरी आल्यावर शिंपल्या फोडून मांस काढायचं, गळाला टोचायचं, आणि दोर वेताच्या पसरट टोपलीत जिलबीच्या वेढ्यांसारखा गोल गोल लावत जायचं. गळ सगळे एका बाजूला ओळीनं ठेवायचे. का, तर समुद्रावर दोर सुटताना एक जरी गळ अडकला तर सगळा गुंता, आणि गळ कुणाच्याही हातात घुसायला तयारच.

फोटो मोठा करून बोटं बघा. बऱ्याच फोटोंत बाई कॅमेऱ्याकडे बघत असते, पण बोटं शिंपलीवरच असतात. फोटोसाठी मान वर केली, काम काही खाली ठेवलेलं नाही.

मग हे फोटो उत्स्फूर्त आहेत की मांडून घेतलेले?

मांडून घेतलेले. पण ‘खोटे’ हा शब्द मी वापरणार नाही.

त्या काळात छायाचित्रण ही कला आहे की नाही, यावर कडाक्याचं भांडण चालू होतं. एका बाजूला हेन्री पीच रॉबिन्सन. ते वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एक चित्र तयार करत आणि शेतकरणींच्या वेशात चांगल्या घरच्या मुली उभ्या करत, कारण खऱ्या खेडवळ बायकांना कॅमेऱ्यापुढे नीट वागता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला पीटर हेन्री एमर्सन. जन्म क्युबातला, शिक्षणानं डॉक्टर, स्वभावानं तापट. खरी माणसं त्यांच्या खऱ्या जागीच टिपली पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. नॉरफोकच्या पाणथळ भागातल्या लोकांचे ४० प्लॅटिनम प्रिंट असलेला त्यांचा संग्रह १८८६ मध्ये निघाला. गंमत म्हणजे इतकं भांडून झाल्यावर चारेक वर्षांत त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं की छायाचित्रण ही कला नाही.

सटक्लिफ एमर्सनच्या बाजूचा, पण वाद घालण्यापेक्षा धक्क्यावर जाणारा. लोकांना तो ‘असं उभं राहा, जरा थांब’ असं सांगत असणारच. स्थिर राहिल्याशिवाय काचेवर काही नीट उमटत नव्हतं. पण उभी राहणारी माणसं त्याच्या गावची होती, कपडे त्यांचे स्वतःचे होते आणि हातातलं काम रोजचं होतं. रॉबिन्सनच्या नटव्या ‘खेडवळ’ पोरींशेजारी व्हिटबीचा कुठलाही फोटो ठेवून पाहा. फरक सांगावा लागत नाही.

‘वॉटर रॅट्स’ या फोटोवरून काय वाद झाला होता?

१८८६ चा फोटो. ओहोटीच्या उथळ पाण्यात एक होडी आणि भोवती शाळा बुडवून डुंबणारी पोरं, त्या काळच्या रीतीप्रमाणे उघडी. गावच्या धर्मोपदेशकांना तो असभ्य वाटला आणि त्यांनी सटक्लिफला वाळीत टाकलं, असं सांगतात. तिकडे प्रिन्स ऑफ वेल्सनं, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डनं, त्याच फोटोची प्रत घेतली. मग बोलणार कोण?

आभाळ सगळीकडे पांढरं आणि चेहरे एवढे काळवंडलेले का?

त्या काचांना निळा प्रकाश जास्त कळायचा, तांबडा जवळजवळ नाहीच. म्हणून निळं आभाळ कोरं पांढरं येतं, ढग असले तरी उमटत नाहीत. आणि वाऱ्या-उन्हानं तांबूस झालेली कातडी असते त्यापेक्षा गडद आणि सुरकुतलेली दिसते. खलाशांचे चेहरे कोरीव लाकडासारखे का दिसतात, त्याचं अर्धं श्रेय समुद्राला आणि अर्धं त्या रसायनाला. सटक्लिफ हुशार, तो धुकं, चुलींचा धूर आणि सकाळचा तिरपा उजेड यांची वाट पाहायचा, म्हणजे मागची बाजू आपोआप मऊ होते.

शिडंही याच कारणानं काळी दिसतात. प्रत्यक्षात ती तांबडी-तपकिरी असत. सुती शिडं आणि जाळी कुजू नयेत म्हणून ती कातात उकळत. आपण पानाला लावतो तोच कात! खैराचा हा अर्क ब्रह्मदेशातून आणि हिंदुस्थानातून तिकडे जात असे. संगणकानं रंगवलेल्या फोटोंत ही शिडं सर्रास राखाडी केलेली असतात. तेवढ्यावरून रंगवणाऱ्यानं किती अभ्यास केला होता ते कळतं.

पांढरी टोपी आणि निळा स्वेटर, यांत काही अर्थ असतो का?

टोपी व्हिटबीच्या उत्तरेच्या स्टेथ्स गावची म्हणून प्रसिद्ध आहे. सुती कापड, पुढे चुण्यांची दुहेरी झालर, मागे मानेवर पदर. डोक्यावरून टोपल्या वाहताना डोकं सांभाळायची, आणि पाणी-ऊन मानेवर येऊ द्यायची नाही.

स्वेटरला ‘गँझी’ म्हणतात. घट्ट पिळाच्या गडद निळ्या लोकरीचा, पोलादी सुयांवर शिवण न घालता गोल विणलेला, इतका दाट की पाण्याचे तुषार आत शिरत नाहीत. छातीवर दोरखंड, शिडी, जाळं अशी नक्षी. बाह्या आखूड, म्हणजे ओल्या कडा मनगटाला घासत नाहीत.

प्रत्येक गावाची नक्षी वेगळी होती आणि बुडालेल्या माणसाचं प्रेत तिच्यावरून ओळखत, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. गावागावांचे आवडते नमुने होते हे खरं. पण बायका एकमेकींच्या नक्ष्या बघून उचलत, सून दुसऱ्या गावाहून आली की नमुनाही सोबत यायचा. फोटोत एकाच होडीवर चार तऱ्हेच्या गँझी दिसतात. विणलेल्या आद्याक्षरांवरून ओळख पटणं शक्य आहे. नक्षीवरून गाव सांगण्याची गोष्ट पर्यटकांना ऐकवायला छान आहे, एवढंच.

बुचाचं जाकीट घातलेला तो दाढीवाला माणूस कोण?

हेन्री फ्रीमन. ९ फेब्रुवारी १८६१ ला व्हिटबीसमोर भयंकर वादळ झालं. गावची जीवरक्षक होडी एकामागून एक जहाजांवरच्या माणसांना सोडवून आणत होती. सहाव्या खेपेला ती उलटली आणि १३ पैकी १२ जण बुडाले. गावासमोर, बायकापोरांच्या डोळ्यांदेखत. वाचला तो एकटा फ्रीमन. नव्या पद्धतीचं बुचाचं जाकीट त्या दिवशी त्याच्याच अंगावर होतं. बुचाची जाकिटं जीवरक्षक होड्यांवर सगळीकडे आली, त्यात या घटनेचा मोठा वाटा आहे.

फोटो मात्र त्या दिवसाचा नाही. सटक्लिफनं तो बऱ्याच वर्षांनी काढला, फ्रीमन तेव्हा होडीचा मुख्य सुकाणूवाला होता. याच फ्रीमनच्या हाताखाली जानेवारी १८८१ मध्ये आणखी एक अचाट प्रकार झाला. रॉबिन हूड्स बे इथे जहाज अडकलं, समुद्रातून जाणं अशक्य, म्हणून १८ घोडे आणि सुमारे २०० माणसं लावून जीवरक्षक होडी बर्फातून सहा मैल ओढत नेली आणि जहाजावरच्या सगळ्यांना वाचवलं. त्या ओढकामाचा फोटो असता तर! पण वर सांगितलं तेच: वादळ, बर्फ, धावपळ यांत ते काचेचं तंत्र उपयोगाचं नव्हतं.

हेरिंगच्या पिंपांभोवती उभ्या असलेल्या मुली इंग्लिश आहेत का?

बहुतेक स्कॉटिश. हेरिंग माशांचे थवे उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत पूर्व किनाऱ्यानं जसजसे दक्षिणेत सापडत जात, तसतशा होड्या खाली सरकत आणि रेल्वेनं या मुली. शेटलंडपासून व्हिटबी, स्कारबरो करत शेवटी ग्रेट यारमथ आणि लोस्टॉफ्ट. तिघींचा गट: दोघी मासे चिरून आतडं काढणार, तिसरी पिंपात मिठाचे थर देत रचणार. मीठ जखमेत जाऊ नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. फोटोत पांढरी बोटं दिसतात ती याच चिंध्यांमुळे. खारवलेला माल जर्मनी आणि रशियाकडे जायचा. यारमथचा सर्वांत मोठा हंगाम १९१३ चा. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि तो बाजार पुन्हा तसा उभा राहिला नाही.

काम नसलं की या मुली विणत असत. चालता चालतासुद्धा. हसऱ्या फोटोंवरून त्या गरीब गाई होत्या असं समजू नका. १९३० च्या दशकात मजुरीसाठी यारमथला त्यांनी संप केला होता.

माझ्याकडे असा एक जुना फोटो आहे. ठिकाण आणि काळ कसा ओळखू?

आधी होडीवरची अक्षरं बघा. १८६८ च्या कायद्यानं मासेमारी होड्यांवर बंदराची अक्षरं आणि क्रमांक घालणं सुरू झालं. डब्ल्यूवाय म्हणजे व्हिटबी, एसएच स्कारबरो, वायएच यारमथ, एलटी लोस्टॉफ्ट, पीझेड पेन्झान्स. पण घाई नको. व्हिटबीच्या बंदरात पेन्झान्सच्या होड्या दिसतात, कारण कॉर्नवॉलचे लोक हेरिंगसाठी इतक्या लांब यायचे. उलट बाजूनं लोस्टॉफ्टच्या होड्या कॉर्नवॉलला जात आणि रविवारी मासे धरत. तिथल्या न्यूलिन बंदराच्या धर्मभीरू मच्छीमारांना ते सहन झालं नाही. मे १८९६ मध्ये त्यांनी परक्या होड्यांवर चढून मासे समुद्रात फेकले, आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं.

कार्डावर चिकटवलेला फोटो असेल तर मागचा पत्ता वाचा. सटक्लिफच्या कार्डावर स्किनर स्ट्रीट असेल तर तो १८९४ नंतरचा, कारण स्टुडिओ तिथे तेव्हा गेला. पोस्टकार्ड असेल आणि मागे मजकूर व पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ असेल, तर १९०२ किंवा नंतरचं. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती. फ्रिथच्या छापांवर कोपऱ्यात क्रमांक असतो.

बाकी किनाऱ्यावर बघण्यासारखं काय?

पुष्कळ. कॉर्नवॉलमध्ये पिलचर्ड माशांचे फोटो पाहा: कड्यावर टेहळणी करणारा माणूस थवा दिसला की ओरडायचा, गाव पळत सुटायचं. सिली बेटांवरच्या गिब्सन कुटुंबानं १८६९ पासून पिढ्यान्‌पिढ्या फुटलेल्या जहाजांचे फोटो काढले. तो संग्रह ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयानं २०१३ मध्ये लिलावात १,२२,५०० पौंडांना घेतला.

पण सगळ्यांत अस्वस्थ करणारे फोटो डेव्हनमधल्या हॅलसँड्सचे. छोटं मच्छीमार गाव, घरं थेट समुद्राच्या कडेला, समोर खड्यांचा रुंद किनारा. १८९७ मध्ये प्लिमथच्या नौदल गोदीच्या बांधकामासाठी समोरचे खडे उपसायला सुरुवात झाली. सुमारे साडेसहा लाख टन काढले. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, १९०२ मध्ये उपसा थांबला, पण तोवर किनारा खचला होता. २६ जानेवारी १९१७ च्या वादळात गाव वाहून गेलं. माणसं वाचली, घरं गेली. आधीच्या फोटोत बायका दारात बसल्या आहेत, होड्या किनाऱ्यावर आहेत. नंतरच्या फोटोत त्याच दाराच्या चौकटीतून समुद्र दिसतो. रेतीउपशाच्या बातम्या रोज वाचणाऱ्यांना यावर वेगळं भाष्य नको.

त्याच काळात मुंबईच्या कोळ्यांचे असे फोटो निघत नव्हते का?

मुंबईत छायाचित्रण मागे नव्हतं. तिथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली आणि भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. पण मुंबईच्या लोकांचे जे फोटो विल्यम जॉन्सन यांनी १८६० च्या दशकात छापले, त्यांत माणसांचे गट वेगळे टिपून निराळ्या पार्श्वभूमीवर जोडलेले आहेत. ‘ही अमुक जात’ असं दाखवणं हा हेतू. सरकारनं १८६८ ते १८७५ दरम्यान आठ खंडांत छापलेल्या फोटोंचंही तेच. व्हिटबीचा फोटोग्राफर त्या लोकांचा शेजारी होता, रोज भेटणारा. इथला साहेब नोंद करायला आलेला. कॅमेरे सारखेच होते.

फोटो घरी लावायला किंवा लेखात वापरायला चालतील का?

ब्रिटनमध्ये साधारण नियम असा की छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो. सटक्लिफ १९४१ मध्ये गेला, म्हणजे त्याचे फोटो २०१२ पासून मोकळे. मात्र संग्रहालयं आपल्या स्कॅनसाठी स्वतःच्या अटी घालतात. छापण्याआधी त्या वाचाव्यात. नाव मात्र लिहा. ‘जुनं इंग्लंड’ एवढंच लिहून पुढे ढकलू नका.

प्रत्यक्ष बघायचे असतील तर कुठे जावं?

व्हिटबीत पॅनेट पार्कमधलं संग्रहालय, जिथे सटक्लिफनं स्वतः काम केलं. यारमथला टाइम अँड टाइड हे संग्रहालय हेरिंग धुरवण्याच्या जुन्या कारखान्यात आहे आणि भिंतींना अजून वास येतो. कॉर्नवॉलसाठी पेन्झान्सचं पेन्ली हाउस. लंडनमध्येच असाल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचा प्रचंड संग्रह आहे.

व्हिटबीला रेल्वे मिडल्सबरोहून जाते, गाड्या दिवसाला मोजक्याच, परतीची वेळ आधी बघून ठेवा. स्टेथ्सला बस आहे. गाडी वरच ठेवून उतारानं पायी खाली जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर वर येताना सावकाश या.